चॅटमधलं इंग्रजी अडलं, तर आधी मोठ्याने वाचा

चॅटमध्ये अनोळखी शब्द दिसला की लगेच शब्दकोश उघडू नका. आधी तो मोठ्याने म्हणा. 'शुड ऑफ' (should of) या दोन शब्दांवर मी अर्धा तास घालवला होता. व्याकरणात कुठेच बसेना. ओठांवर आणले तेव्हा उलगडा झाला. बोलताना 'शुड हॅव'चं 'शुडव्ह' होतं, आणि इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही कानाला येतं तसं लिहून टाकतात. 'युअर' (your) आणि 'यू आर'चं लघुरूप (you're) यांची अदलाबदल त्यातलीच. अशा वेळी आपल्या व्याकरणावर शंका घेऊ नका, ते बरोबरच असतं.

कानाने सुटलं नाही तर कीबोर्ड बघा. टी-ई-एच म्हणजे 'द'च. बोटं पुढेमागे पडली. पुढच्या मेसेजमध्ये चांदणी (*) लावलेला एकच शब्द आला, तर ती आधीच्या चुकीची दुरुस्ती.

तेच स्पेलिंग तीन-चार वेगवेगळ्या लोकांकडून आलं, तर मात्र ते रूढ रूप समजा. 'गॉना' म्हणजे 'गोइंग टू', पण पुढे क्रियापद असेल तरच. एनव्हीएम म्हणजे 'नेव्हर माइंड', आपलं 'जाऊ दे'. हे शब्द मी वहीत वेगळ्या पानावर लिहिते. अर्जात, परीक्षेत ते नकोत.

तरीही अडलं तर समोरच्याला सरळ विचारा.