नर्सच्या जेवणाच्या सुट्टीपुढे बदलीचं नाव लिहा
"जमेल तेव्हा जेवून घ्या" म्हटलं की नर्सचं जेवण राहूनच जातं, कारण तेवढ्या वेळात तिचे रुग्ण कोणी बघायचे हेच ठरलेलं नसतं. म्हणून ड्यूटी लावतानाच प्रत्येकीपुढे सुट्टीची वेळ आणि तिच्या जागी बघणाऱ्या नर्सचं नाव लिहा. औषधांच्या आणि राउंडच्या वेळा टाळा. निघताना २ मिनिटांत तोंडी निरोप द्यायचा: कोणाचं सलाईन संपत आलंय, कोणाचं इंजेक्शन कधी आहे, कोणावर नजर ठेवायची. माणसं कमी असतील तर वॉर्डच्या इनचार्जने स्वतः सुट्टीचा तो अर्धा तास सांभाळावा. यात कमीपणा अजिबात नाही. जेवायला गेलेल्या नर्सला मधे फोन करू नका. रात्रपाळीत ही सुट्टी जास्तच गरजेची, कारण पहाटे ३ ते ५ च्या सुमारास लक्ष सर्वांत ढिलं पडतं.