निकेल-आयर्न बॅटरीची तयारी : ऑर्डर सगळ्यांत शेवटी

ग्रिडपासून दूर वीज साठवण्यासाठी निकेल-आयर्न बॅटरी घ्यायचे ठरले, तरी पैसे आधी बॅटरीवर घालू नयेत. ही बॅटरी स्वतः फार सोशिक आहे. पूर्ण उतरवली, तशीच महिनोन्‌महिने ठेवली, जास्त चार्ज झाली तरी लेड-ॲसिडसारखी सल्फेट धरून मरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिसनने ती इलेक्ट्रिक मोटारींसाठी बाजारात आणली, ती याच काटकपणावर. अडचण येते ती तिच्या भोवतीच्या यंत्रणेची : इन्व्हर्टर, पॅनेल, हवा आणि पाणी. म्हणून तयारी तिथून सुरू करावी.

पहिले काम गरज मोजण्याचे, आणि ती युनिटमध्ये (एक युनिट म्हणजे 1 किलोवॉट-तास) मोजावी. दिवसाचा वापर पॅनेलवरून थेट भागत असेल तर तो वेगळा काढावा; बॅटरीतून किती जाणार तेवढेच इथे धरायचे. समजा, रात्रीचा वापर इन्व्हर्टरमधली घट धरून 3 युनिट आहे. 48 व्होल्टवर ते साधारण 62 अँपिअर-तास झाले. एका ढगाळ दिवसाची सोय करायची तर 125, आणि 80 टक्केच वापरायची ठरवली तर 156. अशा वेळी 200 अँपिअर-तासांची बँक, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सुट्या सेलचा संच, घ्यावी. निकेल-आयर्नचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे पंपासारखी मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसते; सेल मोठे असले की हा धक्का कमी लागतो. एक सेल 1.2 व्होल्टचा, म्हणून 48 व्होल्टला 40 सेल लागतात. अशा बँकेत 9.6 युनिट साठतात आणि दर किलोला सुमारे 25 वॉट-तास धरले तर तिचे वजन 400 किलोच्या आसपास जाते. जमीन आणि मांडणी तेवढा भार पेलते का, हे सेल येण्याआधी पाहावे.

आता इन्व्हर्टर. सगळ्यांत जास्त बँका इथेच अडतात. एका सेलचे नाममात्र व्होल्टेज 1.2 असले तरी नीट चार्ज व्हायला त्याला 1.6 ते 1.7 लागतात आणि रिकामा होताना तो 1.0 पर्यंत उतरतो. 40 सेल म्हणजे वर 66 आणि खाली 40 व्होल्ट. लेड-ॲसिडसाठी बनवलेले कित्येक 48 व्होल्टचे इन्व्हर्टर वरच्या बाजूला 60 ते 64 व्होल्टलाच बंद पडतात. मग ऐन उन्हात, बॅटरी भरत असताना, घरातली वीज जाते आणि दोष बॅटरीला दिला जातो. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातले दोन आकडे शोधावेत : कमाल आणि किमान डीसी (बॅटरीच्या बाजूचे) व्होल्टेज. या दोहोंमधला पट्टा रुंद नसेल तर 38 सेल लावता येतात, 1.65 ने वरचा आकडा 62.7 होतो. बदल्यात खालच्या टोकाला इन्व्हर्टर लवकर कापतो, म्हणजे 42 व्होल्टला प्रत्येक सेल अजून 1.1 वर असतो आणि शेवटची थोडी क्षमता हाती लागत नाही. हा तोटा पत्करण्याजोगा आहे. अर्धवट चार्ज करत राहून सेल कमी क्षमतेवर अडकवणे मात्र पत्करू नये. डीसीवर थेट चालणारे दिवे किंवा फ्रिज असतील तर त्यांनाही हेच 62 ते 66 व्होल्ट मिळणार, हे विसरू नये. फ्यूज आणि ब्रेकर डीसीचेच आणि या व्होल्टेजच्या बरेच वरचे घ्यावेत.

पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या चार्ज कंट्रोलरमध्ये व्होल्टेज हाताने भरता आले पाहिजे. केवळ ‘लेड-ॲसिड’ आणि ‘लिथियम’ असे दोनच पर्याय असलेला कंट्रोलर इथे उपयोगाचा नाही.

पॅनेल हिशेबापेक्षा मोठे लागतात. आत घातलेल्या विजेपैकी साधारण 60 ते 70 टक्केच परत मिळते, म्हणजे 3 युनिट काढायला साडेचारच्या आसपास घालावे लागतात. शिवाय न वापरताही दिवसाला सुमारे 1 टक्का चार्ज आपोआप उतरतो. लोखंडी प्लेट मंद प्रवाहावर नीट भरत नाही. प्रवाह फार कमी असला तर बरीच वीज हायड्रोजन बनवण्यातच जाते. क्षमतेच्या पाचव्या भागाएवढा प्रवाह, म्हणजे 200 अँपिअर-तासांना 40 अँपिअर, हे लक्ष्य ठेवावे. 64 व्होल्टला तो अडीच किलोवॉटवर जातो, म्हणून पॅनेल 3 किलोवॉटचे तरी हवेत. तेवढी जागा किंवा ऊन नसेल, तर दुसऱ्या प्रकारची बॅटरी निवडलेली बरी.

खोलीत हवा खेळती हवी. जास्तीच्या चार्जमधल्या प्रत्येक अँपिअर-तासाला प्रत्येक सेल जवळजवळ 0.42 लिटर हायड्रोजन सोडतो. 40 सेल भरून झाले आणि तरी 40 अँपिअर चालूच राहिले, तर तासाला सुमारे 670 लिटर. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. त्याच्या पाव भागावर, 1 टक्क्यावर थांबायचे म्हटले तर तासाला 67 घनमीटर हवा बदलायला हवी. वर आणि खाली अशी दोन तोंडे ठेवावीत, वरचे अगदी छताला लागून, कारण हायड्रोजन तिथेच साचतो. इन्व्हर्टर, स्विच, ब्रेकर बॅटरीच्या खोलीत ठेवू नयेत. खोली 45 अंशांच्या वर जाणार नाही हेही पाहावे. गरम सेल चार्ज नीट घेत नाहीत.

वायू होऊन गेलेले पाणी परत भरावे लागते : दर सेलला, दर अँपिअर-तासाला 0.34 ग्रॅम. वरच्या उदाहरणात रोज 16 अँपिअर-तास असे वाया गेले तर 40 सेलना महिन्याला साडेसहा लिटर डिस्टिल्ड वॉटर लागेल. दोन महिन्यांचे, 15 लिटर तरी साठ्यात असावे. नळाचे पाणी चालत नाही. चाळीस बुचे उघडून हाताने भरणे कोणी नेमाने करणार नसेल, तर पाणी भरण्याची नळ्यांची जोडणी सेलबरोबरच मागवावी.

आतले द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे, वजनाने 20 ते 25 टक्के, थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळलेले. कोरडे क्षार आले तर नेहमी पाण्यात क्षार थोडे थोडे टाकावेत, क्षारावर पाणी कधीच ओतू नये. द्रावण उकळून अंगावर उडते. भांडे जाड प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे नाही. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, लांब रबरी हातमोजे आणि हाताशी वाहते पाणी हवेच. डोळ्यात गेले तर 15 ते 20 मिनिटे धुवावे आणि डॉक्टर गाठावा. लेड-ॲसिडला वापरलेले हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजायचे साधन), नरसाळे, नळी यांतले काहीही इथे वापरू नये. ॲसिडचा अंशही सेल बिघडवतो. बुचे उघडी ठेवू नयेत, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावणात कार्बोनेट बनते आणि क्षमता घटते.

हायड्रोमीटरवरून चार्ज किती आहे हे इथे कळत नाही, कारण घनता जवळजवळ बदलतच नाही. त्यासाठी शंट (प्रवाह मोजायला तारेत बसवायचा ठरावीक रोध) लावून अँपिअर-तास मोजणारे मीटर घ्यावे आणि त्यात चार्जची कार्यक्षमता 80 टक्क्यांच्या आसपास भरावी. हायड्रोमीटर ठेवायचा तो द्रावण थकले का हे पाहायला : घनता 1.20 च्या आसपास सुरू होते, ती 1.16 च्या जवळ उतरली की द्रावण बदलण्याची वेळ आली.

एवढे झाले की ऑर्डर द्यावी. सेल भरल्यावर उत्पादकाने सांगितलेला वेळ मुरू द्यावेत, मग 40 अँपिअरने पूर्ण चार्ज आणि 1.0 व्होल्टपर्यंत डिस्चार्ज अशी काही आवर्तने करावीत. पहिल्या आवर्तनात क्षमता कमी दिसली तर घाबरू नये, ती वाढत जाते. प्रत्येक डिस्चार्जच्या शेवटी सेलवर क्रमांक घालून व्होल्टेज लिहून ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनातही एखादा सेल इतरांच्या आधी 1.0 ला पोहोचत असेल, तर तो हमीच्या मुदतीत बदलून मागावा.