डोंगरात ग्लायडर शिकताना या चुका टाळा

हडपसरला विंचने, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राने, ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) वर नेऊन शिकलेल्या माणसाला क्षितिज शोधावं लागत नाही. समोर सपाट रेघ असते आणि नाक तिच्या किती खाली आहे, त्यावरून वेगाचा अंदाज येतो. हाच माणूस फ्रान्सच्या दक्षिण आल्प्समध्ये शिकायला गेला, की मागच्या सीटवरच्या शिक्षकाकडून दिवसभर एकच शब्द ऐकतो: वेग, वेग!

दोष हाताचा नसतो, डोळ्याचा असतो. खरं क्षितिज डोंगरांआड गेलेलं असतं. डोळा शिखरांच्या रेषेलाच क्षितिज धरतो, हात नकळत स्टिक (विमान वळवायची दांडी) मागे ओढतो, नाक वर जातं आणि वेग घटतो. कड्याला लागून स्टॉल झाला, म्हणजे वेग कमी पडून पंखांचा आधार सुटला, तर सावरायला खाली जागाच नसते. म्हणून डोंगराजवळ नेहमीपेक्षा जास्त वेग ठेवा, वेगाच्या काट्याकडे वारंवार नजर टाका आणि कॉकपिटमधला वाऱ्याचा आवाज मंदावला, तर आधी नाक खाली घ्या. कारण नंतर शोधा.

पाठीमागून वारा असला की दुसरी फसगत होते. शेजारचे खडक झपाट्याने मागे पडतात, आपण फार जोरात चाललोय असं वाटतं आणि वेग कमी करण्याचा मोह होतो. पंखांना मात्र हवेतला वेग लागतो, जमिनीवरचा नव्हे. शिवाय हवा विरळ असते. ३००० मीटरवर काटा ताशी १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा हवेतला खरा वेग ११६ च्या आसपास असतो आणि वळणाची त्रिज्या जवळपास एक तृतीयांशाने वाढते. खाली सहज बसणारं वळण अरुंद दरीत बसत नाही ते यामुळे.

लिफ्ट, म्हणजे वर चढणारी हवा, मिळाली की लगेच गोल फिरायचं, ही सपाटीवरची सवय. उतारालगत ती घातक आहे, कारण अर्धं वर्तुळ खडकाच्या दिशेने जातं. तिथे इंग्रजी आठचा आकडा काढायचा आणि प्रत्येक वळण डोंगराकडे पाठ करून घ्यायचं. माथ्याच्या चांगलं वर गेल्यावर हवं तितकं गोल फिरा.

लिफ्ट मिळतच नसेल तर? बहुधा बाजू चुकली आहे. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी उलटं वर उडताना पाहिलंय ना? कड्यावर आदळलेला वारा वर चढतो तो असा. पलीकडच्या, वाऱ्याआडच्या बाजूला तोच वारा खाली ओढतो. वारा मंद असेल तर ऊन बघा: सकाळी पूर्वेचे उतार, दुपारनंतर पश्चिमेचे. सिंकमध्ये, म्हणजे खाली जाणाऱ्या हवेत, सापडलात तर तिथेच लिफ्ट शोधत बसू नका, वेग वाढवून दरीच्या मोकळ्या भागात निघा. धार ओलांडताना साधारण ४५ अंशांत तिरके जा, म्हणजे ऐनवेळी माघारी फिरता येतं.

समोरून ग्लायडर आलं आणि डोंगर तुमच्या डावीकडे असेल, तर बाजूला तुम्ही व्हायचं. रोपवेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. तेच शोधा.

आता उतरण्याचं. कागदावर ग्लाइड रेशो ४० असला, म्हणजे एक मीटर खाली येताना ४० मीटर पुढे जाता येत असलं, तरी डोंगरात हिशेब २० ने करा आणि उतरता येईल असं एक मैदान सतत आवाक्यात ठेवा. दरीतलं शेत तिरपं असेल तर चढाच्या दिशेनेच उतरायचं, थोडा वारा पाठीमागून असला तरी. इथेही डोळा फसवतो: चढावाचं शेत समोर आलं की आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि नवशिके गरजेपेक्षा खाली येतात. शेवटी नाक उताराबरोबर वर उचलावं लागतं, त्यासाठी हाताशी जास्तीचा वेग हवाच.