अ‍ॅक्रिलिक ग्लूची अ‍ॅलर्जी: कामावर या चुका टाळा

बोटांची टोकं लाल होतात, सोलतात, भेगा पडतात, कधी मुंग्या येतात. नखांचं काम करणारे, डेंटल लॅबमधले आणि असेंब्ली लाइनवरचे कामगार बरेचदा साबणाला दोष देऊन क्रीम लावत राहतात. ही अ‍ॅलर्जी संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणून खरं कारण लक्षात येत नाही.

सगळ्यात महागात पडते ती हातमोज्यांवरची आंधळी भिस्त. लेटेक्सच्या मोज्यांमधून ग्लूमधलं अ‍ॅक्रिलेट हे अ‍ॅलर्जी देणारं रसायन काही मिनिटांत आरपार जातं. पातळ नायट्राइल जरा जास्त टिकतं, पण तेही पूर्ण पाळीभर अजिबात नाही. मोज्याला ग्लू लागला की मोजाच तिथल्या तिथे काढून टाका. पुसून पुन्हा वापरू नका! ग्लूशी सतत संबंध येत असेल तर आत लॅमिनेटचे (प्लास्टिकच्या अनेक थरांचे) मोजे आणि वरून नायट्राइल घाला. लॅमिनेट ढगळ असतं, त्यामुळे बारीक कामाला काही जण त्याची फक्त बोटं कापून नायट्राइलच्या आत घालतात.

‘ग्लू सुकला, आता काय होणार?’ हाही गैरसमजच. पूर्ण कडक झालेला ग्लू सहसा त्रास देत नाही, घातक असतो तो कच्चा. बोल्टवरचा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा ग्लू, हवा न लागणाऱ्या आट्यांमध्येच घट्ट होतो. बाहेर ओघळलेला थेंब ओलाच राहतो आणि पाना, बाटलीचं तोंड, दाराची मूठ असा पसरत जातो. नखांच्या जेलला त्याच्याच जोडीचा दिवा लागतो, नाहीतर वरून टणक दिसूनही आत कच्चं राहतं. मग घासताना उडणारी धूळ पापण्यांवर बसते. पापण्या सुजल्या तर कामाची चौकशी आधी करा.

हाताला लागलेला ग्लू अ‍ॅसिटोनने पुसू नका, त्वचेचं कवच उघडं पडतं. साबण-पाणी पुरेसं आहे.

घरी ग्लूचा थेंब लावून ‘टेस्ट’ तर मुळीच करू नका. त्यानेच अ‍ॅलर्जी जडू शकते. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या त्वचेवर चिकटवून करायची तपासणी) करून घ्या आणि ग्लूची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यातल्या घटकांची आणि धोक्यांची माहिती देणारा कागद, सोबत न्या. पट्ट्या साधारण 48 तासांनी काढतात, पण निकाल पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावा लागतो, तेव्हा ती दुसरी भेट चुकवू नका. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. अ‍ॅक्रिलेट काही वैद्यकीय साहित्यातही असतं, म्हणून दातात फिलिंग करताना, हाडाचं सिमेंट वापरणाऱ्या शस्त्रक्रियेआधी किंवा ग्लुकोज सेन्सर चिकटवताना डॉक्टरांना ती आठवणीने सांगा.