आयसीयूतलं फीड: चार्टवरचं आणि पोटातलं

आयसीयूत आहारतज्ज्ञ म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं काम एकच देते. काल लिहून दिलेलं फीड, म्हणजे नळीतून पोटात द्यायचं पातळ अन्न, किती होतं आणि त्यातलं पेशंटच्या पोटात किती गेलं, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे. सूत्रं कॉलेजात पाठ झालेली असतात. हा दुसरा आकडा मात्र कोणी शिकवत नाही, आणि पेशंटच्या अंगी लागतो तो तोच.

साठ किलोचा पेशंट धरा. किलोमागे २५ कॅलरी म्हणजे दिवसाला १५००, आणि १.३ ग्रॅमप्रमाणे ७८ ग्रॅम प्रथिनं. मिलीला एक कॅलरी असलेलं फीड तासाला ६० मिलीने लावलं तर चोवीस तासांत १४४० मिली जायला हवं. आता दिवस कसा जातो ते बघा. सकाळी सीटी स्कॅनला नेलं, फीड बंद. दुपारी श्वासाची नळी काढायची का हे ठरत होतं, म्हणून एनबीएम, म्हणजे पोटात काहीच द्यायचं नाही. संध्याकाळी ड्रेसिंगसाठी ऑपरेशन थिएटरात. नळीतून फेनिटॉइन हे फिट्सचं औषध द्यायचं तर मागेपुढे आणखी खंड. असे सहा तास गेले की ३६० मिली बुडालं, म्हणजे पाव दिवस उपास. रोज असंच चाललं तर दंड-मांड्या ओसरत जातात, आणि व्हेंटिलेटर सुटेना झाला की सगळ्यांचं लक्ष फुफ्फुसाकडे असतं, फीडच्या चार्टकडे नाही.

म्हणून राउंडच्या आधी पोहोचा आणि रात्रपाळीची सिस्टर जायच्या आत तिच्याशी बोला. फीड किती वाजता थांबवलं, कशासाठी, आणि परत कधी सुरू केलं? तिसऱ्या प्रश्नातच बहुतेक तास सापडतात, कारण बंद करायची ऑर्डर लगेच होते, सुरू करायची राहून जाते. तिच्याशी बोलताना सूर हिशेब मागण्याचा नको. एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते तुम्हाला दिसेलच. तासाच्या वेगाऐवजी दिवसाची एकूण मात्रा ठरवायची आणि बुडालेलं उरलेल्या तासांत भरून काढायचं, अशीही पद्धत आहे. तुमच्या युनिटमध्ये ती नसेल तर इंटेन्सिव्हिस्टकडे, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, विषय काढा.

पोटातलं उरलेलं फीड सिरिंजने ओढून मोजायचं आणि दीडशे-दोनशे मिली निघालं की फीड थांबवायचं, ही जुनी सवय अजून अनेक ठिकाणी आहे. युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ही मर्यादा सहा तासांत ५०० मिलीची आहे. त्याऐवजी पोट फुगलंय का, उलटी होतेय का, पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर आहे का, ते बघा. जुलाब लागले तरी आधी फीडवर दोष जातो. मी औषधांचा कागद मागते. पोटॅशियम क्लोराईडचं किंवा दुसरं एखादं सिरप चालू असेल तर त्यात गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल जुलाब करू शकतं, अँटिबायोटिक्सही करतात. तोच कागद कॅलरीसाठीही वाचा. झोपेसाठी लावलेलं प्रोपोफॉल मिलीमागे १.१ कॅलरी देतं. तासाला १५ मिली चालू असेल तर दिवसाला जवळपास ४०० कॅलरी तिथूनच जातात, त्यात प्रथिनं शून्य.

पण पोहोचवायची घाई पहिल्या दिवसांत करू नका. फीड २४ ते ४८ तासांत थोड्या मात्रेने सुरू व्हावं, आणि रक्तदाब टिकवून धरणाऱ्या औषधांचा डोस चढताच असेल तर थांबावं. सुरुवातीच्या दिवसांत गरजेच्या ७० टक्क्यांपर्यंतच राहून मग हळूहळू वाढवायचं. २०११ साली बेल्जियममध्ये ४६४० पेशंटवर झालेल्या एपॅनिक अभ्यासात फीडची तूट पहिल्याच आठवड्यात शिरेतून भरून काढण्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेले पेशंट लवकर सावरले. २०२३ च्या एफर्ट अभ्यासात प्रथिनं किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त देण्याचं लक्ष्य ठेवूनही फायदा दिसला नाही, आणि किडनीला इजा झालेल्यांत उलट नुकसानाची चिन्हं दिसली.

विदर्भात हे जास्तच जपावं लागतं. नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की धंतोली-रामदासपेठेतलं खासगी रुग्णालय असो, पेशंट गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे येतात. अनेकजण गावात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला थांबत आलेले असतात, आणि तोवर नुसत्या सलाइनवर. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर बाटलीत जेमतेम १७० कॅलरी असतात. त्यात टीबी, दारू किंवा पुरवून पुरवून खाण्याची आयुष्यभराची सवय असेल तर पेशंट आजारी पडायच्या आधीपासूनच उपाशी असतो. अशा शरीरात एकदम भरपूर फीड गेलं की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि रक्तातलं प्रमाण कोसळतं. श्वासाचे स्नायू दमतात, हृदयाची लय बिघडते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

त्यासाठी नातेवाइकांना विचारा, शेवटचं पोटभर जेवण कधी झालं होतं? 'खात होते' या उत्तरावर थांबू नका. किती भाकरी, दिवसातून किती वेळा, कपडे सैल झाले होते का, हे खोदून विचारा. धोका वाटला तर डॉक्टरांशी बोलून थायमिन (जीवनसत्त्व बी१) आधी सुरू करवून घ्या आणि फीड किलोमागे १० कॅलरींपासून चढवा. फॉस्फेटची तपासणी वेगळी मागावी लागते, नेहमीच्या सोडियम-पोटॅशियमच्या रिपोर्टमध्ये ती बहुधा नसते. फीड सुरू झाल्यावर फॉस्फेट डेसिलिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर ते भरून काढायचं आणि दोन दिवस कॅलरी रोखून धरायच्या. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून मात्र पोषणाचा अंदाज बांधू नका. शरीरात दाह असला की ते तसंही उतरतं.

वजनाचंही तसंच. सूज आलेल्या पेशंटचं आजचं वजन साठलेल्या पाण्याने बरंच फुगलेलं असू शकतं. आजारपणाआधीचं वजन विचारा, जुनी कार्डं चाळा, कोपर ते मनगट हाड मोजून उंची काढायला शिका. कापडी टेप ॲप्रनच्या खिशात असू द्या.

बाहेर बाकावर बसलेली माणसं हाही तुमच्या कामाचाच भाग. "मॅडम, तुम्ही त्याईले उपाशी ठेवून राहिले न," असं एखादी काकू रडत म्हणते तेव्हा तिला डबा दाखवू द्या. वरणाचं पाणी, पेज, नारळपाणी, संत्र्याचा रस, सगळं जिवाच्या आकांताने आणलेलं असतं. तिच्याशेजारी बसून समजावा. ७८ ग्रॅम प्रथिनं नुसत्या तुरीच्या डाळीतून द्यायची तर कोरडी साडेतीनशे ग्रॅम डाळ लागेल, आणि ती नळीतून जाईल इतकी पातळ केली की पाणीच जास्त. किडनी बंद पडलेल्या माणसाला नारळपाण्यातलं पोटॅशियम जड जातं. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना घरून निघालेलं पातळ अन्न पोहोचेपर्यंत नासू शकतं. पावडर कालवून केलेलं फीडसुद्धा चार तासांच्या वर टांगून ठेवत नाहीत. काकूला हे पटतं, फक्त कोणीतरी सांगायला हवं.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. आहारशास्त्रात एमएस्सी, मोठ्या रुग्णालयात इंटर्नशिप आणि इंडियन डायेटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायेटिशियन) परीक्षा, हा मार्ग धरा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांत आपल्या पेशालाही जागा दिली आहे. इंटर्नशिपला आयसीयूची पाळी मागून घ्या, आणि राउंडला मागच्या रांगेत उभं राहू नका. तुमची पाळी आली की 'काल ठरलेल्यापैकी इतकं गेलं, या कारणाने इतकं राहिलं, आज हे बदलू या' एवढं बोला. दोन वाक्यांत बोलणाऱ्याचं डॉक्टर ऐकतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

नळीसह घरी जाणाऱ्या पेशंटला सगळ्यात जास्त वेळ द्या. भंडाऱ्याच्या गावात पंप नसतो, मोजपात्र नसतं. घरातलाच एक पेला मागवून त्यावर २०० मिलीची खूण करून द्या. मिश्रण कसं वाटायचं, कसं गाळायचं, हे जो देणार आहे त्याच्याच हातून करून घ्या. बसवूनच द्यायचं, दिल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, शेवटी ३० मिली पाण्याने नळी धुवायची, नळी सरकल्यासारखी वाटली तर काहीही न घालता दवाखाना गाठायचा. हे मराठीत, मोठ्या अक्षरात, कार्डावर लिहा. खाली दर पंधरा दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन करून ते कळवायला सांगा, आणि त्यासाठी विभागाचा फोन नंबर त्याच कार्डावर असू द्या.