राख वितळायच्या आधीच बेड बसतो

जास्त सोडियमचा कोळसा हाती आला की नवा माणूस अहवालात आधी राखेचं विरूपण तापमान, म्हणजे राखेच्या शंकूचं टोक मऊ पडू लागतं ते तापमान, शोधतो. १२०० अंश दिसले, म्हणजे ९५० ला गॅसिफायर (कोळशाचा वायू करणारी भट्टी) बिनधास्त चालेल! नाही चालणार. त्याच्या आधीच बेड, म्हणजे वायूच्या झोताने हलता ठेवलेला कणांचा थर, चिकटून बसतो.

हा आकडा दोनदा फसवतो. चाचणीची राख साधारण ८१५ अंशांना केलेली असते. शिनच्यांगमधल्या झुनडोंगसारख्या कोळशात बरंचसं सोडियम पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतं आणि त्यातलं पुष्कळ राख करतानाच उडून जातं. म्हणून ५०० अंशांच्या आसपास वेगळी राख करून तीच तपासा. दुसरं म्हणजे, चाचणीत शंकूचं टोक डोळ्यांना दिसेल इतकं गोल व्हावं किंवा वाकावं लागतं. बेड बसायला कणांवरचा पातळ चिकट थर पुरतो. सोडियम सिलिकेट आणि सिलिका मिळून ८०० अंशांच्या जवळपासच द्रव होतात. बेडमध्ये वाळू घातली असेल तर ती सिलिका आपणच पुरवतो.

निघालेलं ढेकूळ फेकू नका, फोडा. कण शाबूत आणि मधे काचेसारखे सांधे दिसले तर दोष सोडियमच्या थराचा. सगळंच वितळून गुळगुळीत, बुडबुड्यांचं झालं असेल तर ऑक्सिजन नोझलजवळचा तप्त भाग तपासा.

बेड बसू लागला की त्याच्या दाबफरकाची थरथर आधी मंदावते, मग वेगवेगळ्या जागच्या थर्मोकपलचे (तापमापकांचे) आकडे एकमेकांपासून फाकतात. पडद्यावर हा फरक लपवणारं सरासरी तापमान लावून ठेवणं ही माझ्या मते सर्वांत वाईट सवय. अशा वेळी ऑक्सिजन कमी करा, वाफ वाढवा, तळातून राख काढा. 'ऑक्सिजन वाढवून बेड हलवू' म्हणणारा कितीही अनुभवी असो, ऐकू नका.

केओलिन (चिनी माती) सोडियम बांधून ठेवायला उपयोगी आहे, पण मूठभर टाकून नाही. सोडियमचं नेफेलिन (उशिरा वितळणारं खनिज) व्हायला १ किलो सोडियम ऑक्साइडला हिशेबाने सुमारे ४.२ किलो केओलिन लागतं. कोळशात ५ टक्के राख आणि राखेत ६ टक्के सोडियम ऑक्साइड असेल, तर १०० किलो कोळशाला सव्वा किलो. सगळं केओलिन काही सोडियमला भेटत नाही, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. आणि बारीक दळलेलं टाकलंत तर ते वायूतली धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनकडे पळतं.

घाबरून जाऊ नका. हेच सोडियम गॅसिफिकेशनला उत्प्रेरकही ठरतं, त्यामुळे असा कोळसा कमी तापमानालाही चांगला चालतो. सुरुवात ८५० ला करा, वाळूऐवजी ॲल्युमिनाचा बेड घ्या आणि पुढचे २० अंश तळाची राख चाळून पाहिल्यावरच चढवा.