शेळ्यांवर पचनीयता चाचणी कशी घ्यावी: सोयाबीन भुसाचे उदाहरण

सोयाबीनची मळणी संपली की मराठवाड्यात आणि विदर्भात मळणीयंत्राच्या जागी भुसाचे ढीग लागतात. त्यातील शेंगांची टरफले आणि पानांचा चुरा शेळ्या आवडीने खातात, जाड काड्या मात्र गव्हाणीतच राहतात. हे भूस शेळीला नेमके किती पचते, हा प्रश्न पशुपोषण विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला पडतो, तसाच शेळीपालकांना सल्ला देणाऱ्या पशुवैद्यकालाही पडतो. रासायनिक पृथक्करणातून भुसात प्रथिने किती आणि तंतू किती हे कळते. त्यातील किती भाग जनावराच्या अंगी लागतो हे कळत नाही. त्यासाठी जनावरावरच चाचणी घ्यावी लागते आणि त्यात सर्वांत विश्वासाची पद्धत म्हणजे संपूर्ण संकलन: शेळीने खाल्ले किती आणि लेंड्यांवाटे बाहेर टाकले किती, हे रोज मोजून फरक काढणे.

तत्त्व सोपे असल्यामुळे सगळी काळजी प्रयोगशाळेसाठी राखून ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात चाचणीची विश्वासार्हता गोठ्यातील वजनकाट्यावर ठरते, आणि भुसासारख्या चाऱ्यात तर ती शेळीने मागे ठेवलेल्या चाऱ्यावर ठरते. पुढील मांडणीत त्या भागाला अधिक जागा दिली आहे, ती याच कारणाने.

जनावरे आणि पिंजरे

संशोधनासाठी जनावरांवर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. काम झाल्यावर घेतलेल्या मान्यतेला अर्थ नसतो. एका आहारासाठी किमान चार शेळ्या हव्यात, पाच-सहा असल्यास उत्तम, कारण एखादी आजारी पडली तरी गट टिकतो. उस्मानाबादी असो वा बेरारी, सर्व जनावरे एकाच जातीची, जवळपास एकाच वयाची आणि वजनाची निवडावीत. नर घेण्याची प्रथा सोयीतून आली आहे: नराचे मूत्र आणि लेंड्या वेगळ्या गोळा करणे सोपे जाते, मादीत मूत्र लेंड्यांवर पडून नायट्रोजनाचे (ज्यावरून प्रथिने काढतात) आकडे बिघडतात.

जंतनाशक आणि लसीकरण चाचणीच्या बरेच आधी उरकावे. जंतांनी ग्रासलेल्या शेळीची पचनीयता मोजणे म्हणजे चाऱ्याऐवजी रोग मोजणे होय. पिंजऱ्याच्या तळाला जाळी, तिच्याखाली लेंड्या आणि मूत्र वेगळे करणारा उतार, आणि पुढे शेळीला चारा बाहेर फेकता येणार नाही अशी खोल गव्हाण असावी. शेळी तोंडाने चारा उपसते, हे गव्हाण बनवणाऱ्या सुताराला किंवा वेल्डरला आधीच सांगावे.

पूर्वकाल

पूर्वकाल म्हणजे मोजणीआधी सवय लागण्याचा काळ: नव्या आहारावर शेळीला किमान १४ दिवस, आणि भुसासारखा भरड चारा असल्यास शक्यतो २१ दिवस ठेवावे. कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांची घडण आहारानुसार बदलते आणि त्या बदलाला वेळ लागतो. शिवाय आधीच्या आहाराचे अवशेष पोटातून पूर्ण निघून जायला हवेत. या काळातच रोजचे खाणे स्थिर होते की नाही ते पाहावे. शेवटचे चार-पाच दिवस शेळ्या पिंजऱ्यातच ठेवाव्यात, म्हणजे नव्या जागेच्या बुजरेपणामुळे संकलनाच्या दिवसांत खाणे घटत नाही.

चारा पोटभर द्यावा की मोजका, याबद्दल दोन मते आहेत. काहीजण पूर्वकालातील सरासरी खाण्याच्या सुमारे ९० टक्केच चारा संकलनात देतात, म्हणजे शिल्लक जवळजवळ राहत नाही आणि हिशेब सोपा होतो. एकजिनसी कुट्टीसाठी ही रीत योग्य आहे. सोयाबीनच्या भुसासाठी ती मला पटत नाही, कारण शेतकऱ्याच्या गोठ्यात शेळी निवडूनच खाते आणि तिला काड्या खायला भाग पाडून मिळालेला आकडा त्या गोठ्याला लागू पडत नाही.

संकलन काल आणि शिल्लक चारा

संकलन सहा-सात दिवस करावे. रोजची वेळ एकच ठरवावी, उदाहरणार्थ सकाळी आठ, आणि त्या वेळेपासून पुढील २४ तासांचा एक दिवस धरावा. वेळ तासाभराने पुढे-मागे झाली तरी त्या दिवसाच्या लेंड्या कमी किंवा जास्त भरतात. म्हणून दिवाळीसारखे सण आणि मजुरांच्या सुट्ट्या पाहूनच तारखा निवडाव्यात. आज खाल्लेल्या चाऱ्याचा अवशेष आजच बाहेर पडत नसल्यामुळे चारा मोजण्यास सुरुवात केल्यावर एक-दोन दिवसांनी लेंड्या मोजायला सुरुवात करावी आणि तितकेच दिवस पुढे थांबावे.

देण्याच्या चाऱ्याचा नमुना रोज घ्यावा. ढिगाच्या वरच्या थरातून मूठभर उचलणे हा नमुना नव्हे, कारण टरफले आणि चुरा खाली बसतात व काड्या वर राहतात. भूस ताडपत्रीवर पसरून मिसळावे, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत, पुन्हा मिसळावे आणि हवे तेवढे उरेपर्यंत हेच करावे. दमट हवेत भुसाचा ओलावा दिवसागणिक बदलतो, म्हणून शुष्क पदार्थाचे (ओलावा काढून उरणाऱ्या भागाचे) प्रमाणही रोज काढावे. पहिल्या दिवशीचा आकडा आठवडाभर वापरू नये.

आता शिल्लक चारा. प्रत्येक शेळीची शिल्लक वेगळी गोळा करावी, वेगळी तोलावी आणि तिचे पृथक्करणही वेगळे करावे. पाण्याची वाटी सांडून किंवा लाळेने भिजलेली शिल्लक ताज्या भुसाइतकी कोरडी नसते, तेव्हा तिचा शुष्क पदार्थ स्वतंत्र काढणे भागच आहे. जाळीखाली सांडलेला चारा लेंड्यांतून वेचून शिल्लकीत मिळवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते: शिल्लकीची घटकरचना दिलेल्या भुसासारखीच आहे असे गृहीत धरून एकाच पृथक्करणावर काम भागवले जाते.

त्याचा परिणाम एका काल्पनिक हिशेबातून पाहू. समजा, २५ किलोच्या शेळीला रोज ९०० ग्रॅम भूस आणि २०० ग्रॅम खुराक (पेंड, भरडा असा पूरक आहार) दिला, आणि दोन्हींत शुष्क पदार्थ ९० टक्के आहे. म्हणजे भुसातून ८१० आणि खुराकातून १८० असा एकूण ९९० ग्रॅम शुष्क पदार्थ दिला गेला. खुराक पूर्ण संपला आणि भुसाची २०० ग्रॅम शिल्लक राहिली. तिच्यातील शुष्क पदार्थ ९२ टक्के, म्हणजे १८४ ग्रॅम. खाल्लेला शुष्क पदार्थ ८०६ ग्रॅम झाला. लेंड्या ८०० ग्रॅम पडल्या व त्यांत ४५ टक्के शुष्क पदार्थ, म्हणजे ३६० ग्रॅम निघाला. खाल्लेल्यातून लेंड्यांतील वजा करून उरलेल्या ४४६ ला ८०६ ने भागल्यास शुष्क पदार्थाची पचनीयता ५५.३ टक्के येते.

प्रथिनांचा हिशेब असाच करू. भुसात ५ टक्के, खुराकात २० टक्के, शिल्लक काड्यांत ३ टक्के आणि लेंड्यांत ८ टक्के प्रथिने धरली, तर दिलेली प्रथिने ७६.५ ग्रॅम, शिल्लकीतील ५.५ ग्रॅम, खाल्लेली ७१ ग्रॅम आणि लेंड्यांतील २८.८ ग्रॅम होतात, पचनीयता ५९.४ टक्के. शिल्लक काड्यांतही ५ टक्केच प्रथिने धरली असती तर खाल्लेली प्रथिने ६७.३ ग्रॅम दिसली असती आणि पचनीयता ५७.२ टक्क्यांवर आली असती. दोन आहारांतील फरक अनेकदा याहून मोठा नसतो, तेव्हा एका पृथक्करणाची बचत संपूर्ण निष्कर्ष उलटवू शकते.

लेंड्यांचे नमुने

चोवीस तासांच्या सर्व लेंड्या तोलून, केस आणि काड्या काढून, नीट मिसळून त्यांचा ठरावीक भाग घ्यावा. हा भाग प्रत्येक दिवशी त्या दिवसाच्या वजनाच्या एकाच प्रमाणात हवा, उदाहरणार्थ दहावा हिस्सा; रोज सरसकट ५० ग्रॅम घेतल्यास कमी लेंड्यांच्या दिवसाला अवाजवी वजन मिळते. एक भाग शुष्क पदार्थासाठी ओव्हनमध्ये सुमारे १०० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. नायट्रोजनासाठीचा भाग ओलाच, सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवावा, कारण वाळवताना अमोनिया उडून जातो. तंतूंच्या पृथक्करणासाठीचा भाग ६० अंशांच्या आसपास वाळवावा आणि १ मिलिमीटर चाळणीतून दळावा.

एखाद्या शेळीला संकलनात हगवण लागली किंवा तिने खाणे सोडले, तर तिचे आकडे वगळावेत आणि अहवालात तसे लिहावे. गटाची सरासरी घालून रिकामा रकाना भरणे हा बनाव ठरतो.

आकड्यांचा अर्थ लावताना

वरच्या हिशेबातील पचनीयता ही दृश्य पचनीयता आहे. लेंड्यांत न पचलेल्या चाऱ्याबरोबर मृत सूक्ष्मजीव, आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि पाचक रसांचे अवशेषही असतात, त्यामुळे प्रथिनांची दृश्य पचनीयता खऱ्यापेक्षा नेहमी कमी दिसते. चाऱ्यात प्रथिने जितकी कमी, तितका हा फरक ठळक होतो. दुसरीकडे, कोठीपोटात तयार होऊन ढेकरेतून निघून जाणारा मिथेन वायू या पद्धतीत पचलेल्यातच मोजला जातो. एकूण पचनीय पोषक घटक (चाऱ्याच्या ऊर्जामूल्याचे एक माप) काढताना पचनीय प्रथिने, पचनीय तंतू आणि पचनीय नत्रविरहित अर्क (मुख्यतः स्टार्च आणि साखर) यांत पचनीय स्निग्ध पदार्थांची २.२५ पट मिळवतात. त्यातही मिथेनाची वजावट नसते, म्हणून भरड चाऱ्याचे मोल त्या आकड्यात थोडे फुगलेले असते.

खुराकाची स्वतंत्र पचनीयता हवी असल्यास अडचण येते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराला केवळ खुराकावर ठेवता येत नाही. अशा वेळी एका गटाला फक्त भूस, दुसऱ्याला भूस आणि खुराक देऊन वजाबाकी करतात. या वजाबाकीत भुसाची पचनीयता दोन्ही गटांत सारखीच राहते असे धरलेले असते, आणि ते गृहीतक सोयाबीनच्या भुसाबाबत सहसा टिकत नाही. आहारातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांखाली गेली की कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नायट्रोजन अपुरा पडतो. खुराकातील पेंडीतून तो मिळताच भूसच अधिक पचू लागते आणि त्याचे श्रेय वजाबाकीत खुराकाला जाते. उलट मक्याचा भरडा फार झाला तर कोठीपोटातील आम्लता वाढून तंतूंचे पचन मंदावते.

अनेक चारे एकदम तपासायचे असतील तर पिंजऱ्यांचा खटाटोप परवडत नाही. टिली आणि टेरी यांची १९६३ ची दोन टप्प्यांची पद्धत, ज्यात नमुना आधी ४८ तास कोठीपोटातील द्रवात आणि नंतर ४८ तास आम्ल व पेप्सिनमध्ये ठेवतात, किंवा कोठीपोटात नायलॉनच्या पिशव्या सोडण्याची पद्धत तिथे उपयोगी पडते. चाऱ्यांची क्रमवारी लावण्यासाठी या पद्धती चांगल्या आहेत. मात्र दोन्हींत दळलेला नमुना वापरला जातो, म्हणजे टरफले आणि काड्या एकत्र होतात आणि शेळीची निवड हिशेबातून गळते.

अहवालात पचनीयतेच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी द्याव्यात: शेळीच्या वजनाच्या किती टक्के शुष्क पदार्थ खाल्ला गेला, दिलेल्या भुसापैकी किती टक्के शिल्लक राहिले, आणि त्या शिल्लकीत प्रथिने व तंतू किती होते. दळलेले नमुने हवाबंद डब्यांत, शेळीचा क्रमांक आणि तारीख लिहून, निदान निकाल छापून येईपर्यंत जपून ठेवावेत, कारण परीक्षकाने फेरपृथक्करण मागितले तर चाचणी पुन्हा घेता येत नाही.